मुक्काम राजवाड्यात, पत्ता ब्रह्माघाटचा

'काशीस जावे नित्य वदावे' असे आपल्याकडे म्हणतात. जाणे घडो न घडो, नुसते म्हणण्यातही थोडे पुण्य आहे, अशी त्यामागची समजूत. आमच्या वाईच्या घरात मात्र काशीचे नाव काढायचे नाही, असा एक अलिखित कायदा होता. कुणी यात्रेचा विषय काढलाच, तर वडील म्हणत, "वाई म्हणजे दक्षिणकाशी. दारात कृष्णामाई आहे, घाटावर ढोल्या गणपती आहे. आणखी कुठे जायचंय?" एवढे बोलून ते सुपारीचा अडकित्ता हातात घेत, आणि विषय मिटे.

सत्तरी उलटल्यावर, गेल्या कार्तिकात, मी हा कायदा मोडला. नुसता काशीला गेलो असे नव्हे, तर गंगेच्या काठी चक्क एका राजवाड्यात राहिलो! शाळामास्तरकीत जन्म गेलेल्या माणसाला राजवाडा कुठला परवडायला? पण चिरंजीव बंगळूरला चांगल्या नोकरीवर आहेत. त्यांनी आमच्या हातात तिकिटे ठेवली आणि म्हणाले, "बाबा, धर्मशाळेचे जिने चढायचं वय आता राहिलं नाही. दरभंगा घाटावर जुन्या राजवाड्यात हॉटेल झालंय. तिथे दोन रात्री आईला घेऊन राहा." एका रात्रीचे भाडे मी येथे छापत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा सगळा पगार एकत्र केला असता, तरी तेवढा झाला नसता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

"पैसे भरून झालेत ना?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. "मग आता चेहरा पाडून कशाला जायचं? हसत जाऊ."

तेव्हा आम्ही हसत निघालो. पण माझ्या पिशवीत तळाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात काय होते, ते पुढे येईल.

पाण्यावरून प्रवेश

काशीची तऱ्हा अशी की, मोटार तुम्हाला देवाच्या दारापर्यंतही नेत नाही, मग हॉटेलच्या दारापर्यंत कुठली नेणार? जुन्या शहरातल्या गल्ल्या अशा अरुंद, की समोरून बैल आला तर आपणच कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभे राहायचे. म्हणून एका घाटापर्यंत मोटार आणि पुढे होडी, अशी आमची वरात निघाली.

येथे गंगा उत्तरेकडे वाहते. सगळे शहर पश्चिमेच्या काठावर, चंद्रकोरीसारख्या वळणावर वसलेले, आणि पूर्वेचा काठ मोकळा, नुसती रेती. त्यामुळे उगवत्या सूर्याच्या आणि शहराच्या मध्ये पाण्याखेरीज काही नाही. ऐंशीच्या वर घाट ओळीने उभे आहेत. आमचा नावाडी एकेकाचे नाव घेत होता आणि मी मनातल्या मनात दुसरीच यादी करीत होतो. केदारघाट गेला, पुढे राजाघाट आला. तो अमृतराव पेशव्यांचा. चौसष्टी घाट, उदयपूरकरांचा राणामहाल, आणि मग एकदम पाण्यातून किल्ला उठावा तशी एक दगडी भिंत समोर आली.

"दरभंगा," नावाडी म्हणाला.

खालून पाहिले म्हणजे छाती दडपते. बुरुजासारखी गोल टोके, चुनारच्या खाणीतला पिवळसर दगड, आणि पायऱ्यांपासून किती तरी वरपर्यंत एकही खिडकी नाही. राजाने घर बांधले आणि नदीकडे पाठ केली की काय, असे वाटले. कारण दुसऱ्या दिवशी कळले. पावसाळ्यात गंगा सगळ्या पायऱ्या गिळते आणि भिंतींना येऊन भिडते. पूर ओसरला की घाटांवर गाळाचा जाड थर उरतो. तो माणसे पंपाच्या पाण्याने धुऊन पुन्हा नदीत सोडतात. आम्ही गेलो तेव्हाही पलीकडच्या घाटावर हे काम चालूच होते. ज्या घराच्या दारात दर साली अशी नदी चढते, त्याने खिडक्या उंचावर ठेवल्या, यात नवल नाही.

आत गेलो तो चौक, खांब, कमानी, पितळी समया. गुलाबपाणी, रुद्राक्षाची माळ असे सगळे स्वागत झाले. या हॉटेलचे आजचे नाव ब्रिजरामा पॅलेस. वाडा दाखवणाऱ्या तरुणाने इतिहास सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला मी कान टवकारले. हा वाडा मुळात बांधला तो श्रीधर नारायण मुनशी यांनी. हे नागपूर संस्थानचे मंत्री. हॉटेलात बांधकामाचे साल १८१२ सांगतात. शेजारच्या घाटाला आजही मुनशी घाटच म्हणतात. पुढे १९१५ साली दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी तो विकत घेतला, म्हणून हा दरभंगा घाट. दरभंगा बिहारात, मैथिल ब्राह्मणांचे राज्य. म्हणजे पाया नागपूरचा आणि नाव बिहारचे!

"आणि ही आमची लिफ्ट," तो तरुण अभिमानाने म्हणाला. "महाराजांनी राणीसाहेबांना गंगास्नानाला उतरता यावं म्हणून बसवली होती. त्या काळी हातांनी ओढायचे. काशीतली पहिली."

"मी जिन्यानंच जाईन," ही म्हणाली. राणीची झाली म्हणून काय झाले, लिफ्टवर हिचा विश्वास नाही.

खोलीचे वर्णन लांबवीत नाही. छपरी पलंग, बनारसी किनखापाच्या गाद्या, आणि एक खिडकी. त्या खिडकीसाठीच सगळे पैसे, असे म्हटले तरी चालेल. तिच्यात बसले की खाली घाट, होड्या, पलीकडे रेती, आणि वर मोठे थोरले आभाळ. जेवण शुद्ध शाकाहारी. हिने कढी चाखून पसंतीची मान हलवली, म्हणजे स्वयंपाक्याला शाबासकीच म्हणायची.

मराठ्यांची काशी

संध्याकाळी घाटाघाटाने चालत निघालो. मुनशी घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट, मग शीतला आणि दशाश्वमेध. पंधरा मिनिटांच्या वाटेत आपल्या इतिहासाच्या पुस्तकाची पाने पायाखाली येतात. विश्वनाथाचे आजचे देऊळ १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारले. त्याच्या कळसावरचे सोने पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिले. मणिकर्णिकेपलीकडे शिंद्यांचा घाट, जवळच ते पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म याच शहरातला. वडील मोरोपंत तांबे येथे चिमाजीअप्पांच्या पदरी होते. आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट, तेही काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. इतिहासकार अ. स. आळतेकर यांनी आजची काशी ही पुष्कळ अंशी मराठ्यांनी घडवलेली आहे, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. ते नुसते पुस्तकातले बोल नाहीत, हे येथे चालताना पटते.

मराठी माणसाची छाती फुगावी असेच हे सगळे आहे. माझीही फुगली. पण दशाश्वमेधावर आरतीच्या गर्दीत बसलो असताना मागच्या पायरीवरचा एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना काशीची ती प्रसिद्ध म्हण ऐकवीत होता. काशीत राहायचे तर चार गोष्टींपासून जपा, अशी ती म्हण आहे. त्यांत पायऱ्या आहेत, बैल आहे, संन्यासी आहे. आणि या सगळ्यांच्या आधी विधवेचे नाव आहे, तेही सभ्य शब्दात नव्हे. पाहुणे हसले. पूर्वी मीही ही म्हण हसतच सांगितली असेल. त्या दिवशी मला हसू आले नाही.

डब्यातल्या पावत्या

रात्री झोप येईना. गादी फार मऊ होती, असे मी हिला सांगितले. "गादीला बोल लावू नका," ती म्हणाली. "डबा काढा."

डब्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या आहेत. हल्लीच्या मुलांना हे सांगावे लागेल. पूर्वी पोस्टाने पैसे पाठवले की घेणाऱ्याच्या सहीचा किंवा अंगठ्याचा कागद पाठवणाऱ्याकडे परत येई. वडील १९९१ साली गेले, त्यानंतर त्यांच्या पेटीत हा डबा सापडला. १९४१ पासून १९६४ पर्यंतच्या, महिन्याला एक याप्रमाणे, पावणेतीनशेच्या आसपास पावत्या. आधी दहा रुपये, पुढे पंधरा, शेवटी वीस. पत्ता सगळ्यांवर एकच : ब्रह्माघाट, काशी. घेणारी, माझी आत्या.

तिचे लग्न नवव्या वर्षी झाले. बाराव्या वर्षी कपाळ उघडे पडले. तिला माहेरी आणले, आणि त्या काळाच्या रीतीप्रमाणे जे जे करायचे ते सगळे केले : केस गेले, अंगावर लाल आलवण आले. १९३१ साली, ती एकोणीस वर्षांची असताना, आजोबा आणि आजी तिला घेऊन काशीयात्रेला गेले. जाताना तिघे होते, येताना दोघे आले. गावात मावंदे झाले, पंगती उठल्या, गंगेच्या गडूंची पूजा झाली. "तिला काशीवासाची इच्छा झाली," असे आजोबांनी सांगितले. कुणी अधिक विचारले नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. वाईहून पुणे अवघे पंचावन्न मैल. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली, आणि पुण्याजवळ हिंगण्याला त्यांची संस्था तेव्हा चांगली नावारूपाला आलेली होती. रमाबाई रानड्यांचे सेवासदनही १९०९ पासून पुण्यात होते. आत्याला घेऊन निघालेली आगगाडी पुण्यावरूनच गेली. आजोबा शिकलेले होते, 'केसरी' वाचत होते. त्यांना हे ठाऊक नव्हते, असे मला म्हणता येत नाही. पंचावन्न मैलांवर जे होते ते टाळून, ते हजार मैल गेले.

माझ्या आठवणीत आत्या एकदाच आली. १९६४ साली, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी, पोस्टमनने वडिलांच्या हातात मनीऑर्डरचे पैसे परत ठेवले. कागदावर हिंदीत एक ओळ होती, घेणारी मरण पावल्याची. मी दहा वर्षांचा होतो. वडील उठले, विहिरीवर गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान केले आणि ओल्या धोतराने देवघरात जाऊन बसले. आईने मला बाहेर खेळायला पाठवले. आमच्या घरातले सुतक तेवढेच.

या पावत्या नीट लावून पाहिल्या तेव्हा मला एक चमत्कार दिसला. १९४१ ते ४३ पर्यंत प्रत्येकीवर शाईचा अंगठा आहे. १९४४ च्या फेब्रुवारीपासून सही. पहिली सही अशी, की प्रत्येक अक्षर वेगळे, वेलांटी भलतीकडे, नाव ओळीबाहेर गेलेले. वर्षभरात ती ओळीवर आली. १९५० च्या सह्या पाहिल्या तर माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीने हेवा करावा असे वळणदार अक्षर. एकतीस वर्षांच्या बाईला, त्या गल्लीत, अक्षरे कुणी शिकवली? आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न सोडवल्याशिवाय चैन पडणार नव्हते. मी काशीला आलो तो यासाठी.

वहीतली ओळ

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने ब्रह्माघाटाला गेलो. मणिकर्णिकेवर चिता जळत होत्या; नावाड्याने वल्ही हळू केली. पंचगंगेच्या अलीकडे पलीकडे, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला अजून मराठी घरे आहेत. वर चढताना एका माडीवरून "दूध उतू जातंय बघ!" अशी हाक ऐकू आली आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो.

तीर्थोपाध्यायांचा माग लावणे अवघड नाही. जिल्हा, गाव आणि आडनाव सांगितले की कोणाकडे जायचे, ते तिथली माणसे सांगतात. आमचे गुरुजी पन्नाशीचे, मोबाइलवर बोलत बोलतच त्यांनी लाल खारव्यात बांधलेली लांबलचक वही उतरवली. पाने पिवळी, शाई तपकिरी. सातारा प्रांत, वाई, आमचे आडनाव. पणजोबांची ओळ निघाली, मग आजोबांची, १९३१ ची, मोडीत. मला मोडी जेमतेम येते. गुरुजींनी वाचून दाखवली. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, सौभाग्यवती, भाऊ, पुतणे, एकुलता मुलगा म्हणजे माझे वडील, 'सहकुटुंब यात्रेस आलो'. आत्याचे नाव नव्हते. ती शेजारी उभी असेल, बाहेरच्या ओट्यावर बसली असेल. पण वहीत नव्हती.

"आणखी एक लेख आहे तुमचा," गुरुजी म्हणाले.

खाली बाळबोध लिपीत, अगदी ओळखीच्या हाताने लिहिलेले होते. माझ्या वडिलांचे अक्षर! साल १९४७. ते काशीला गेले होते, हे आमच्या आईने कधी सांगितले नाही, त्यांनीही नाही. त्या पानावर बाकी सगळे 'यात्रेस आलो', 'श्राद्धास आलो' असे होते. वडिलांनी लिहिले होते, 'भगिनी हिला नेण्यास आलो,' आणि तिचे नाव. पुढे काही नाही.

मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. गुरुजींनी विचारले तेव्हा थोडक्यात हकीगत सांगितली, डबा उघडून दाखवला. ते उठून आत गेले आणि आपल्या आईंना हाताला धरून घेऊन आले. वय नव्वद, कानाने अधू, पण नजर लख्ख. माहेर आणि सासर याच गल्लीतले. त्यांनी एक पावती उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि सही वाचली.

"वाईच्या काकू! अहो, यांनी तर मला ग म भ न शिकवलं."

मी विचारले, "काकू, पण त्यांना कुणी शिकवलं?"

"शेजारच्या खोलीत कोकणातल्या एक म्हाताऱ्या होत्या. रोज 'रामविजय' वाचायच्या. त्यांना मोतीबिंदू झाला. वाचून दाखवायला कुणी तरी हवं ना? मग त्यांनी दिसत होतं तोवर तुमच्या आत्यांना अक्षरं शिकवली. म्हातारी गेली. पोथी काकूंकडे आली. मग गल्लीतल्या मुली दुपारी त्यांच्याकडे बसायला लागलो. शाळेत कोण पाठवतंय? पाटी नव्हती. फरशीवर गेरूनं लिहायचं आणि ओल्या फडक्यानं पुसायचं."

"माझे वडील आले होते, ते आठवतं?"

"आठवतं तर! स्वातंत्र्य मिळालं त्या साली, थंडीत. मी तेरा वर्षांची. दोन दिवस जिन्यावर बसून होते बिचारे. काकू काही गेल्या नाहीत. म्हणाल्या, 'आणलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. न्यायला तरी विचारतोयस, हे बरं वाटलं. पण आता माझ्याकडे सात मुली येतात. त्यांना सोडून मी तिकडे कोणाच्या स्वयंपाकघरात बसू?'"

"भावावर रागावल्या होत्या?"

"भावावर कशाला? त्यांना सोडून गेले तेव्हा भाऊ अकरा वर्षांचा पोर. राग वडिलांवर होता. तो नाही गेला शेवटपर्यंत." मग त्या जरा थांबल्या. "तुम्ही भाचे, म्हणून सांगते. सुखात नव्हत्या हो. खोलीला खिडकी नव्हती. पुराच्या दिवसांत भिंतींना ओल यायची, छाती भरायची. शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या. आमच्याच माणसांनी मणिकर्णिकेवर नेलं."

ती खोली पाहिली. आता तिथे कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. दार उघडे होते, पण आत दिवा लावल्याखेरीज काही दिसत नव्हते. मी उंबऱ्यात उभा राहून आत हात घातला. भिंत गार आणि ओलसर लागली. जेमतेम सव्वा मैलावर, त्याच गंगेच्या काठावर, माझ्या उशाशी एवढी थोरली खिडकी होती.

वडिलांनी हे सगळे आम्हाला का सांगितले नाही, याचा विचार मी तिथेच करीत होतो. बहिणीचा नकार सांगायचा, तर आधी बापाची करणी सांगावी लागली असती. तेवढे धैर्य त्यांना झाले नाही. दर महिन्याला पोस्टात जाण्याचे मात्र झाले, तेवीस वर्षे. मी त्यांना दोषही देत नाही आणि मोकळेही सोडत नाही. आजोबांना मोकळे सोडणे मला जमत नाही.

गुरुजींनी वही पुढे केली. "लिहा तुमचा लेख." मी माझे नाव लिहिले, हिचे लिहिले, चिरंजिवांचे, सुनेचे, नातीचे लिहिले. त्याखाली आत्याचे नाव लिहिले, जन्म आणि मृत्यूचे साल घातले, आणि पुढे लिहिले, 'यांनी या गल्लीत मुलींना शिकवले.' हे नाव मी येथे छापत नाही. ज्याला पाहायचे त्याने वहीत पाहावे. इतकी वर्षे ते तिथे नव्हते, आता आहे.

आकाशदीप

निघताना आजी म्हणाल्या, "राहिलात कुठे?" दरभंगा घाटावर, राजवाड्यात, असे सांगताना मला ओशाळल्यासारखे झाले. त्या मात्र खुलल्या. "तिथली राणी दोरीच्या पेटीत बसून गंगेवर उतरते, असं काकू आम्हाला सांगायच्या. आम्हाला खोटंच वाटायचं. आहे का हो ती पेटी?"

"आहे," ही म्हणाली.

कार्तिकात पंचगंगा घाटावर संध्याकाळी आकाशदीप लावतात. उंच बांबू, त्याच्या टोकाला दोरीने वर चढवलेली वेताची टोपली, आणि तिच्यात तेवणारी पणती. गेलेल्या माणसांना अंधारात वाट दिसावी, ही त्यामागची भावना. कार्तिकी पौर्णिमेला येथे अहिल्याबाईंच्या दगडी दीपमाळेवर दिवे लागतात आणि सगळे घाट पणत्यांनी उजळतात. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेलाच, एकनाथांनी आपले भागवत याच काशीत पुरे केले. संस्कृतातले मराठीत आणून बायाबापड्यांच्या हाती द्यायचे काम! आमच्या आत्याने फरशीवर गेरूने जे केले, त्याची बरोबरी मी लावीत नाही. पण त्या घाटावर उभे असताना ते आठवल्यावाचून राहिले नाही.

आम्हीही एक टोपली वर चढवली. दोरी मी ओढली, हिने पणती सांभाळली. वर गेल्यावर आपली कोणती, ते ओळखू येईना. सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

रात्री होडीने परतलो. गंगेवरून पाहिले तर राजवाड्याच्या सगळ्या उंच खिडक्या उजळल्या होत्या. आत शिरल्यावर मी सवयीने जिन्याकडे वळलो, तो ही लिफ्टच्या दाराशी उभी.

"तुझा तर विश्वास नाही ना?"

"नसू दे," ती म्हणाली. "बसून बघू. आजींना कळवायला हवं."

त्या रात्री मला झोप लागली. खिडकी उघडी ठेवली होती.

वाचकहो, जुन्या शहरातल्या जुन्या वाड्यात राहायची संधी आली तर जरूर राहा. भिंतींची जाडी, पायऱ्यांची उंची, खिडकी कुठे आहे आणि का आहे, हे तिथे राहिल्यानेच कळते. पण मुक्कामातली एक सकाळ राखून ठेवा आणि आपल्या गावाचे उपाध्ये शोधा. काशीला असोत, प्रयागला असोत, नाहीतर त्र्यंबकेश्वरी. त्यांच्या वहीत आपल्या घरातले कोण कोण आहे, ते पाहाच. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोण नाही तेही पाहा. दिवाळीला आपण दारात आकाशकंदील लावतो, तोही अशाच वाट दाखवणाऱ्या दिव्याच्या कुळातला. यंदा आमच्या दारातल्या कंदिलाखाली नातीने रांगोळीच्या गेरूने फरशीवर चार अक्षरे काढायची, असे ठरले आहे. कोणाचे नाव काढायचे, ते तिला मी सांगितले आहे.